अमावास्येची सुट्टी

चिकू तयार झालाय की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हे मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आले आणि सत्तावीस वर्षं कोणी ऐकलं नाही. घोलवडला बागा बघायला येणारे पाहुणे झाडाखाली उभे राहून 'हा बघा, हा पिकला' म्हणत बोट दाखवतात, तेव्हा मला अजून हसू येतं. झाडावरचा चिकू कडकच असतो. फळ तयार असेल तर सालीवरचा भुरा कोंडा अंगठ्याने सहज निघतो आणि नखाने जरासं खरवडलं की खाली पिवळसर दिसतं. हिरवं दिसलं तर ते फळ अजून काही दिवस झाडावर राहायला हवं होतं. असं हिरवं फळ चुकून पेटीत गेलं तर ते नीट पिकत नाही, नुसतं सुरकुततं, आणि मग दिल्लीचा व्यापारी फोन करून आपल्या सगळ्या खानदानाची विचारपूस करतो.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, "चिकूबद्दल कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "मग चिकू सोडून लिहा." तसा प्रयत्न करते आहे, पण चिकू मध्येमध्ये येणारच.

घोलवडजवळच्या एका शेडमध्ये मी सुपरवायझर होते. कागदावर सुपरवायझर, शेठच्या तोंडी 'बेन' आणि माल निवडणाऱ्या बायकांच्या तोंडी 'बाय'. सकाळी बागांमध्ये फळ उतरवायचं, दुपारपर्यंत ते शेडमध्ये यायचं. तिथे हौदात धुवायचं, पंख्याखाली सुकवायचं, लहान-मोठं वेगळं करायचं, पेटीत कागद घालून थर लावायचे. संध्याकाळी ट्रक लागायचा. ट्रक लागला की शेठ घड्याळाकडे आणि आम्ही सगळ्या शेठकडे बघायचो. काम अवघड नाही. फक्त ते रोज असतं. झाडं सुट्टी घेत नाहीत, असं शेठ म्हणायचे, आणि मीही तेच वाक्य वर्षानुवर्षं बायकांना ऐकवत आले.

आमची सुट्टी एकच, अमावास्येची. शेठच्या वडिलांपासूनची रीत. गुजरातेतल्या कितीतरी कामांमध्ये अशी 'अमास' पाळतात, ती आमच्या सीमेवरच्या भागात सहज चालत आली. त्या दिवशी माल उतरवायचा नाही, भरायचा नाही, ट्रक हलवायचा नाही. बाकी रविवार असो, शनिवार असो, शेड चालू. उलट रविवार सगळ्यात जड, कारण त्या दिवशीच्या मालाला पुढच्या बाजारात चांगली उचल असायची. कायद्यात आठवड्याला सुट्टी होती म्हणे. ती कायद्यातच असायची. मला या व्यवस्थेत कधी काही खटकलं नाही. महिन्याला एक सुट्टी म्हणजे सुट्टी, असं मी धरून चालले होते. आणि माझी स्वतःची परिस्थिती अशी होती की सुट्टीपेक्षा काम बरं वाटायचं.

ते सांगते. माझे यजमान एक्याण्णव साली गेले तेव्हा मंदार नऊ वर्षांचा होता. आम्ही डहाणूला दोन खोल्यांत राहायचो, अजून तिथेच राहते. ओळखीच्या एकांनी शेठकडे शब्द टाकला आणि मी कामाला लागले. सकाळी त्याचा डबा भरून निघायचं, दिवेलागणीला परत यायचं. शाळेतून आला की तो शेजारच्या काकूंकडून किल्ली घ्यायचा, भात लावायचा. दहाव्या वर्षी त्याचा भात माझ्यापेक्षा मोकळा व्हायचा. मी हे सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. मुलगा किती शहाणा, अजिबात त्रास नाही. आता वाटतं, दहा वर्षांच्या मुलाचा अजिबात त्रास होत नाही याची मला भीती वाटायला हवी होती. पण तेव्हा नाही वाटली.

तर जमनी. तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरून आमच्याकडे अठरा बायका टेंपोने यायच्या, त्यांतली ही सगळ्यात तयार हाताची. वय तिशीच्या आत. नवरा वलसाडकडे वीटभट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडावर उगवायचा. जमनीला फळ खरवडून बघावं लागायचं नाही. हातात घेतलं की कोंडा कसा सुटतो त्यावरून तिला कळायचं. एकदा गंमत म्हणून मी तिच्या डोळ्यांना पदर बांधला आणि टोपलीभर चिकू पुढे ठेवले. तिने हिरवे सगळे डावीकडे टाकले, एक चुकला नाही. वर म्हणाली, "बाय, आता डोळं सोड, ट्रक येल."

जमनीची मुलगी रंजना आश्रमशाळेत होती, चौथीत. आश्रमशाळा म्हणजे सरकारी निवासी शाळा, तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. पाड्यापासून चालत दोन-अडीच तासांवर. आईबापांनी भेटायला यायचं ते रविवारी. इतर दिवशी भेट नाही, मुलांचं लक्ष उडतं म्हणून. नियम म्हणून त्यात वावगं काही नाही. पण रविवारी आमची शेड चालू. म्हणजे जमनीला मुलगी भेटणार कधी, तर अमावास्या रविवारी येईल तेव्हा.

हे गणित मला माहीत होतं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कॅलेंडर माझ्या टेबलामागेच टांगलेलं असायचं, सुट्टीचा दिवस मीच बायकांना सांगायचे. दोन हजार पंधरा साली गणपतीच्या आधी अमावास्या रविवारी आली, तेव्हा जमनी शेडमध्ये अक्षरशः नाचली होती. मी हसले आणि म्हटलं, "काय गं, लग्न आहे का कोणाचं?" ती म्हणाली, "पोरीला बघाय जायाचा." मी 'बरं बरं' म्हटलं आणि पेट्या मोजायला लागले. म्हणजे माहीत होतं. फक्त त्याचा विचार केला नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरात शुक्रवारी अमावास्या आली. मालाचा भर होता, लग्नसराईची मागणी होती आणि दिल्लीच्या त्या व्यापाऱ्याने शेठच्या मागे धोशा लावला होता की शुक्रवारचा ट्रक पाहिजेच. शेठ रीत मोडायला तयार नव्हते. "बेन, अमासने दिवसे माल नाय हलवत. बापाने सांगितलंय," असं तीनदा म्हणाले. त्यांचं मन मी वळवलं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. मीच म्हटलं, "शेठ, एका अमावास्येने काय होतंय? बायकांना मी सांगते." मला त्या वेळी अभिमान होता की माझ्या शब्दावर अठरा बायका येतात. आल्याही. कोणी कुरकुर केली नाही. जमनी जरा गप्प होती, पण ती कामाच्या वेळी गप्पच असायची.

दुपारी तीनच्या सुमाराला शेडचा फोन वाजला. आश्रमशाळेच्या अधीक्षकांचा होता. जमनीने मुलीच्या नावापुढे शेडचाच नंबर दिला होता. रंजना सकाळपासून शाळेत नव्हती. आधी त्यांना वाटलं इथेच कुठे असेल, मग शोधलं, मग फोन केला. मी रिसीव्हर ठेवला आणि जमनीकडे बघितलं. ती एक चिकू हातात घेऊन अंगठ्याने कोंडा काढत होती. ते चित्र अजून जात नाही.

मी शेठना सांगितलं. त्यांनी स्वतःच्या गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे टाकली. गाडीत जमनी रडली नाही. समोरच्या सीटची पाठ धरून बसली होती, हाताला चिकाचा काळा चिकटपणा तसाच. पाड्यावर पोचलो तर तिच्या घराच्या दाराला दोरी बांधलेली, तशीच. शेजारची म्हातारी म्हणाली, "आली व्हती पोर. वट्यावर बसली. पाणी पेली. आय कठं गेली म्हणून इचारलान. मी बोलली कामाला गेली. तं उठून गेली."

"कोणत्या बाजूला?"

म्हातारीने हात केला. रस्त्याच्या बाजूला.

परत फिरलो. ड्रायव्हर सावकाश चालवत होता आणि आम्ही दोघी दोन्ही बाजूंना बघत होतो. येताना आम्ही घाईत होतो, त्यामुळे मुख्य रस्त्याला फाटा फुटतो तिथली मोरी आम्ही बघितलीच नव्हती. आमचा टेंपो बायकांना रोज तिथे उतरवायचा. त्या मोरीच्या कठड्याखाली सावलीला रंजना बसली होती. फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी झाकलेलं. आईला बघून ती धावत आली नाही. जागेवरच उभी राहिली आणि रागाने म्हणाली, "आज अमास ना? मंग तू कठं गेलीस?"

जमनी खाली बसली आणि मग रडली.

नंतर कळलं ते असं. आश्रमशाळेतल्या मुली पहाटे अंघोळीला उठतात. महिना संपत आला की त्या वेळी उगवतीला चंद्राची बारीक कोर दिसते, रोज आणखी बारीक होत जाते आणि एक दिवस दिसत नाही. रंजनाला एवढं पक्कं कळलं होतं की कोर दिसेनाशी झाली की आई घरी असते. रविवार असेल तर ती इकडे येते. रविवार नसेल तर ती घरीच असते, फक्त इकडे येऊ शकत नाही. त्या शुक्रवारी कोर दिसली नाही. आदल्या दिवशी शाळेच्या शर्यतीत तिचा पहिला नंबर आला होता आणि बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली होती. ती आईला दाखवायची होती. मग ती निघाली. तिचं काही चुकलं नव्हतं. आकाशानेही चूक केली नव्हती. चूक माझी होती, आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी तिच्या आईला जाब विचारत होती.

ओच्यात ती वाटी होती.

शाळेत तिला परत सोडताना अधीक्षकांनी आम्हाला पुष्कळ सुनावलं, ते योग्यच होतं. येताना गाडीत जमनी म्हणाली, "बाय, तुझा काय दोस नाय." त्यापेक्षा तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला त्या रात्री झोप लागली असती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, म्हणजे चिकूची. शुक्रवारचा तो ट्रक दिल्लीला पोचला आणि फोन आला. "मैडमजी, आपने चीकू भेजा है कि पत्थर?" निम्म्या पेट्यांत हिरवं फळ होतं. बागेतल्या माणसांनी कंटाळून दिसेल ते उतरवलं होतं, आणि आमच्या बायकांनी सलग कितीतरी दिवस काम केल्यावर डोळे मिटत ते भरलं होतं. जमनीही दुपारनंतर नव्हती. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "मी बोललो होतो. अमास नडली."

मी तोंड उघडलं ते तेव्हा. म्हटलं, "शेठ, अमास नाही नडली. महिनाभर न थांबलेले हात नडले. मी तुम्हाला गेल्या वर्षभराच्या तक्रारी दाखवते. सगळ्या महिनाअखेरच्या आहेत, सुट्टीच्या आधीच्या आठवड्यातल्या." हे मला तोपर्यंत सुचलंही नव्हतं. बोलता बोलता सुचलं, आणि नंतर वही काढून बघितलं तर ते बऱ्यापैकी खरं निघालं. सगळं नव्हे. तेवढं मी शेठना सांगितलं नाही.

माझी मागणी अशी होती: रविवार पूर्ण बंद. शिवाय आठवड्यात आणखी एक दिवस आळीपाळीने, निम्म्या बायकांना बुधवारी, निम्म्यांना गुरुवारी. म्हणजे प्रत्येकीला पाच दिवस काम. "बेन, आ शुं बोलता? फळ रविवार पाळतं?"

"फळ झाडावर थांबतं, शेठ. चिकू आहे, दूध नाही. रविवारचं सोमवारी उतरवलं तर काय होणार आहे? उलट आणखी तयार होईल."

"आणि ट्रक?"

"ट्रक माणसाने लावलेला आहे. माणसाला सांगून दुसऱ्या दिवशी लावता येईल."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "होळीपर्यंत बघू." यात शेठचा मोठेपणा होताच, पण मला वाटतं शेठाणीबेनचाही हात होता. त्या दिवशी गाडी कुठे गेली होती हे त्यांनी विचारलं असणार.

सगळ्यात मोठा विरोध कुठून आला असेल? बायकांकडून. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. मग जमनीच म्हणाली, "नको बाय. रोज बुडल तं खावा काय?" रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईला सुट्टी म्हणजे चूल थंड, हे मी पगारदार माणूस विसरले होते. पुन्हा शेठकडे गेले. शेवटी असं ठरलं की मजुरी दिवसावर न देता भरलेल्या पेटीवर द्यायची, आणि हिरवं फळ निघालेली पेटी धरायची नाही. पहिले दोन आठवडे जीव मुठीत धरून काढले. तिसऱ्या आठवड्यात पाच दिवसांच्या पेट्या सातच्या जवळपास आल्या, होळीच्या आधी बरोबरीला आल्या. विश्रांती मिळालेला हात भराभर चालतो, यात शोध कसला, पण आमच्याकडे तो कोणी लावला नव्हता. होळी येऊन गेली, शेठ त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही आठवण केली नाही.

लोकांना वाटतं, सुट्टी मिळाली की आईबाप लगेच मुलांना मांडीवर घेऊन बसतात. तसं काही नसतं. एक बाई पहिले चार रविवार नुसती झोपली. एकीला नवऱ्याने त्या दिवशी गवत कापायला लावलं. हौदावर फळ धुणारा लखमा मात्र त्याच्या बुधवारी मुलाला पाठीवर घेऊन तलासरीच्या दवाखान्यात गेला. पोराचा कान वर्षभर वाहत होता आणि कोणत्याच दिवशी बापाला वेळ नव्हता. आठवड्यातल्या सुट्टीचा उपयोग असा होता. रेशन, बँक, दवाखाना, शाळेतले कागद, ही सगळी कामं चालू दिवसाचीच असतात. ती बुधवारी उरकली की रविवार खरोखर मुलांचा राहायचा.

जमनी दर रविवारी आश्रमशाळेत जायची. चालत जायची, चालत यायची. सुरुवातीला सांगायची, पोर पदर सोडत नाही, निघताना भोकाड पसरते. मी सोमवारी सकाळी तिची वाट बघायचे, ती काय सांगते म्हणून. हे मी कबूल करते. माझ्याकडे सोमवारी सांगण्यासारखं काही नसायचं. मग एका सोमवारी, पावसाळ्याच्या आधी असेल, ती आली ती हसत. म्हणाली, "बाय, काल पोर घटकाभर बसली आन् मना सोडून खेळाय पळाली. बोलली, पुढचे आयतवारी येशीलच."

मी विचारलं, "मग तुला वाईट वाटलं?"

"नाय गं. ब्येस वाटला."

मुलाने आपल्याला सोडून खेळायला पळावं इतका त्याला आपला भरवसा वाटावा. मी चिकूच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते आणि माझे हात थांबले. मंदार लहानपणी मला सोडून कधीच खेळायला पळाला नाही. अमावास्येला मी घरी असले की तो दिवसभर माझ्या मागे मागे असायचा, मोरीत, गच्चीवर, दुकानात. मी वैतागून म्हणायचे, "अरे, जरा बाहेर जा की, मुलं बोलावताहेत." त्याला मी घरकोंबडा समजायचे.

त्या काळातले माझे रविवार कसे गेले ते सांगते, कारण त्याबद्दल कोणी विचारलेलं नाही. पहिल्या रविवारी मी सवयीने सकाळी घोलवडला गेले. शेडचं शटर वर केलं, टेबलाशी बसले. हौद कोरडा, पंखे बंद, पेट्या एकावर एक. मंदार तोवर पुण्यात स्थिरावला होता, त्याला मुलगी झाली होती, ईरा. मी अठरा बायकांना त्यांची मुलं मिळवून दिली याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. पण त्या रिकाम्या शेडमध्ये तासभर बसल्यावर लक्षात आलं की हे काम मी पंचवीस वर्षं उशिरा केलं होतं. शटर ओढलं आणि घरी आले. नंतर रविवारी मी डहाणूच्या किनाऱ्यावर जाऊन बसायला लागले. सुरूच्या झाडांखाली आईबाप मुलांना घेऊन आलेले असतात. ते बघवतही नाही आणि उठवतही नाही.

मंदार दर रविवारी फोन करायचा. अकराच्या सुमाराला, न चुकता. तब्येत, औषधं, पाऊस, गॅस. कधी तक्रार नाही, कधी उणा शब्द नाही. लहानपणाबद्दल विचारलं तर म्हणायचा, "छान होतं की, आई." तो माझ्याशी जपून बोलायचा. पाहुण्यांशी बोलावं तसं.

दोन हजार अठरामध्ये मी निवृत्त झाले. शेड आता शेठच्या पुतण्याकडे आहे. मी सोडल्यावर बुधवार-गुरुवारची सुट्टी गेली. रविवार टिकलाय. पुतण्या तो काढायला गेला तेव्हा बायका म्हणे सगळ्या मिळून शेडबाहेर बसल्या, आणि पुढे जमनी होती. हे ऐकलं त्या दिवशी मी एकटीनेच शिरा करून खाल्ला. रंजना सातवीपर्यंत पोचली आहे, अजून धावते.

घरी बसल्यावर माणूस कपाटं आवरतो. गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे उतरवले. फळीवर घातलेला कागद काढला तर ते जुनं कॅलेंडर होतं, त्र्याण्णव सालचं. मीच कधीतरी पानं सुटी करून अंथरली असणार. पानं पिवळी पडलेली, तेलाचे डाग. कॅलेंडरात अमावास्येला काळा ठिपका असतो. प्रत्येक महिन्याच्या त्या काळ्या ठिपक्याशेजारी पेन्सिलने डोळे, हसरं तोंड आणि दोन वेण्या काढल्या होत्या. तेव्हा मी दोन वेण्या घालायचे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळीकडे ती वेण्यांची हसरी आई. एका महिन्यात मात्र तोंड काढून नंतर पेन्सिलने इतकं गिरवलं होतं की कागद फाटला होता.

तो कोणता दिवस होता ते मला आठवत नाही. त्या अमावास्येला मी कामाला गेले असणार. शेठची रीत होती, म्हणजे शेठने बोलावलं नसणार. हिशेबाची वही लिहायला, नाहीतर कोणाची मर्जी राखायला मी आपण होऊन गेले असेन. घरी येऊन मला कळलंही नसेल की काही झालं आहे. भात मोकळा झाला होता, एवढंच मी कोणालातरी सांगितलं असेल.

दोन हजार पंधरामध्ये रंजनाने 'आज अमास ना' म्हणून विचारलं तो प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता. फक्त या मुलाने तो तोंडाने विचारला नाही, आणि घराबाहेर निघून गेला नाही.

पुढच्या रविवारी मंदारचा फोन आला. पाठीमागे गाडीचा आवाज. मी विचारलं, "कुठे चाललास?"

"ऑफिसला, आई. जरा काम साठलंय. शनिवार-रविवार सुट्टी असते, पण नावाला."

"ईरा?"

"घरी आहे. रुसलीय. बागेत जायचं कबूल केलं होतं." आणि मग हसून म्हणाला, "तिला सवय होईल."

या वेळी मी गप्प बसले नाही. म्हटलं, "मंदार, तिला सवय होऊ देऊ नकोस. तुला झाली होती, मी बघितलंय आता. गाडी वळव."

मग तो म्हणाला, "काय बघितलंस?"

मी कॅलेंडरबद्दल सांगितलं. फाटलेल्या महिन्याबद्दलही सांगितलं. मी चुकले असं सरळ म्हटलं, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, "आई, राहू दे गं." त्याचा आवाज जपून बोलणारा नव्हता. मग मी म्हटलं, "आणि रविवारी मला फोन करत जाऊ नकोस. रविवार तिचा. तेवढा वेळही तिलाच दे."

"मग तुला कधी करू?"

"मला अमावास्या चालेल," मी म्हटलं.

तो हसला की रडला ते मला कळलं नाही. गाडी वळवली का, तेही मी विचारलं नाही. त्यानंतरच्या रविवारी अकरा वाजता फोन वाजला नाही. मी फोनकडे बघत बसले होते, आणि तो वाजला नाही याचा मला आनंद झाला, आणि तो आनंद मला दिवसभर खूप जड गेला.

काल रात्री त्याचा निरोप आला. शुक्रवारी अमावास्या आहे, रजा मिळाली तर ईराला घेऊन येतो, नक्की नाही. आज सोमवार. सकाळी मी घोलवडला जाऊन ओळखीच्या बागेतून चिकू आणले. एकेक हातात घेऊन कोंडा काढून बघितला, हिरवा एकही घेतला नाही. पेंढ्यात घालून टोपली कॉटखाली ठेवली आहे. शुक्रवारी ते बरोबर खायला होतील.